मामाची जुनी एमटीबी (माउंटन बाइक) रोज ऑफिसला न्यायचीये, काय काय बदलू?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी, मामाने गेल्या महिन्यात त्याची जुनी सायकल मला दिली. स्टीलची एमटीबी आहे, शॉकअप कुठेच नाही, 26 इंची चाकं, 18 गिअर, 2001 च्या आसपास घेतलेली. पुण्यात वारज्याहून शिवाजीनगरला रोज न्यायचीये, जाऊन-येऊन 20 किमी धरा, सगळा डांबरी रस्ता आणि मधेमधे स्पीडब्रेकर. पण कर्वे रोडला लागलं की टायर घूं घूं करतात, पायडल मारून मारून मांड्या भरून येतात, त्यात मामा पावणेसहा फूट आणि मी 5 फूट 2 इंच, त्यामुळे हँडल लांब पडतं आणि नळ स्टॉप येईपर्यंत मानेला रग लागते. एका दुकानात म्हणाले भंगारात द्या, नवीन हायब्रिड (डांबरी रस्त्याला हलकी पडणारी सायकल) घ्या. मला नाही द्यायची, याच सायकलच्या दांड्यावर बसवून मामा मला शाळेत सोडायचा. बजेट 5 हजार. आधी कशावर खर्च करू? 700 ची (रोड सायकलची) बारीक चाकं बसतील का?

प्रतिसाद 1:
भंगारात बिलकुल देऊ नका ताई! शॉकअप नाही हेच चांगलंय, स्वस्तातला शॉकअप पायडल मारताना खालीवर होत राहतो आणि पायाचा जोर त्यातच जिरतो. 700 च्या नादी लागू नका. त्या रिमचा व्यास 622 मिमी, तुमच्या रिमचा 559, म्हणजे रिमची कड साधारण 31 मिमी वर सरकणार आणि ब्रेकचे रबर तिथे पोचणारच नाहीत. पहिला खर्च टायरवर. गोटीवाले (खडबडीत) काढा, 26×1.5 चे गुळगुळीत टाका, कडेवर 40-559 छापलेलं बघूनच घ्या. मी एकदा न बघता आणले, दुकानदाराने 26 म्हणून 26×1⅜ दिला होता, तो 590 चा निघाला. पाना न लावता नुसत्या हाताने रिमवर चढला तेव्हाच शंका यायला हवी होती, हवा भरायला लागलो तर एका बाजूने ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली. हवा 55-60 पीएसआय ठेवा, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत, आणि आठवड्याला बघत जा. पंक्चरचा फार त्रास होत असेल तर श्वाल्बे मॅरेथॉन येतो या साइझमध्ये, महाग आहे पण.

प्रतिसाद 2:
टायरच्याही आधी एक बघा, दांडा मधे घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभ्या राहा, इंच-दोन इंच जागा सुटते का? सुटत नसेल तर फ्रेमच मोठी आहे, मग काहीही बदलून उपयोग नाही. सुटत असेल तर सीटची उंची लावा, पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. मांड्या भरतात त्या बहुतेक वेळा सीट खाली असल्यामुळे. मानेसाठी मागे वळलेलं हँडल घ्या, जुन्या लेडीज सायकलला असतं तसं. मधली जाडी 25.4 आणि ग्रिपकडची 22.2 मिमी असेल तर तुमचेच ब्रेक-गिअर त्यावर बसतील, वायर मात्र पुरतात का बघून घ्या. स्टेम (हँडल धरून ठेवणारा दांडा) वर घ्यायचा असेल तर वरचा बोल्ट पूर्ण काढू नका, दोनतीन फेरे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून एक टोला द्या, आतली पाचर सुटते. स्टेमवर कमाल उंचीची खूण असते, तिच्या वर काढू नका.

प्रतिसाद 3:
चेन मोजा. 12 पूर्ण कड्या (आतली-बाहेरची मिळून एक) बरोबर 12 इंच भरायला हव्यात, 1/16 इंच वाढली असेल तर बदला, 1/8 वाढली असेल तर फ्रीव्हीलही (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या) घ्या, नाहीतर नवी चेन जुन्या दात्यांवर घसरते. पुढची चकती मोठी करायची गरज नाही, पुढे 48 आणि मागे 14 दाती असेल तर पायडलच्या मिनिटाला 70 फेऱ्यांत ताशी 29 किमीच्या स्पीडने जाल, गावात अजून किती हवंय. मिस्त्रीकडून बीबी (पायडलच्या मधला धुरा) उघडून छर्रे आणि ग्रीस नवं करून घ्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! दांड्यावर दीड इंच जागा सुटली. सीटपोस्ट गंजून चिकटलेली, दोन रात्री तेल सोडून ठेवलं आणि सीट दोन्ही हातांनी पिळली तेव्हा करकर करत सुटली. टायर-ट्यूब, हँडल, चेन-फ्रीव्हील आणि ग्रीसिंग धरून 4,300 झाले. काल गरवारे कॉलेजपासून निघाले तर टायरचा आवाजच नाही, फक्त फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येत होती, मला इतका आनंद झाला! आता पावसाळ्यासाठी मडगार्ड कुठले?

प्रतिसाद 1:
वा वा! पूर्ण लांबीचे घ्या, सीटला अडकवायचे नकोत, पुढच्याला खाली रबरी फ्लॅप हवा म्हणजे चिखल बुटांवर येत नाही. पण त्याआधी रिमला लोहचुंबक लावा. चिकटला तर स्टीलची रिम, ओली झाली की ब्रेक दाबला तरी सायकल पुढे जात राहते.

धागाकर्ती:
दोन्हीकडे चिकटला 😟

प्रतिसाद 3:
मग मडगार्ड नंतर, आधी पुढची रिम अल्युमिनियमची करून घ्या, थांबताना जास्त काम पुढचा ब्रेकच करतो. हब (चाकाचा मधला भाग) तोच राहील, स्पोकच्या तारा त्याच चालतील का ते मिस्त्री बघून सांगेल.

धागाकर्ती:
ठीक, पुढच्या पगाराला पुढची रिम. तोवर पावसाच्या दिवशी पीएमपीची बस.