४८ तासांची डीव्हीडी: डेटा पुसला जात नाही

भाड्याच्या डिस्कसारखी परत द्यायची खटपट नको म्हणून फ्लेक्सप्ले नावाच्या कंपनीने पाकीट फोडल्यावर ४८ तासच चालणारी डीव्हीडी काढली होती. काहींना वाटतं की तिच्यातला डेटा ४८ तासांनी आपोआप पुसला जातो. तसं नाही. फ्लेक्सप्लेच्या डीव्हीडीत पॉलीकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचे दोन थर चिकटवणाऱ्या द्रव्यातच रंग मिसळलेला असे. हवाबंद पाकीट फोडलं की ऑक्सिजन आत झिरपून तो काळा पडायचा आणि प्लेअरचा लाल लेझर पलीकडे पोचेनासा व्हायचा. सिनेमा आत शाबूत, फक्त वाचता येत नाही. म्हणजे एकदाही न बघता पाकीट नुसतं उघडून ठेवलं तरी मुदत सुरूच!

डिस्नेने २००३ मध्ये अमेरिकेत ‘ईझेड-डी’ नावाने हे विकून पाहिलं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, ते बरंच झालं.

आमच्या खानापूर भागात बेळगावहून भाड्याची सीडी यायची. घरच्यांचं बघून झालं की शेजारी, मग वरची आळी. चरे पडलेली, बोटांचे ठसे उमटलेली, पदराने पुसून परत ट्रेमध्ये. अडकली तर तेवढं पुढे सरकवून बघायचे. अशा गावात दोन दिवसांत काळी पडणारी तबकडी म्हणजे निव्वळ कचरा. पुनर्वापरासाठी त्या डिस्क परत घ्यायची सोय तिकडे होती म्हणे, पण मग परत द्यायची खटपट वाचली कुठे?