'अनैच्छिक स्नायू'ला आपल्याकडचा शब्द काय?

गोदाकाठ: परभणी जिल्ह्यातल्या आशाताईंसाठी बाळंतपणावरची छोटी पुस्तिका मराठीत करतेय. एका वाक्यावर अडलेय. मी लिहिलं, 'गर्भाशयाची भिंत अनैच्छिक स्नायूंची असते.' काल वाचून दाखवलं तर एक ताई म्हणाल्या, "अनैच्छिक म्हंजे मनात नसताना करायला लावत्यात, तसं का?" दुसरीनं विचारलं, "स्नायू म्हंजे शीरच ना?" शाळेच्या पुस्तकांत कुठं 'मृदू स्नायू' आहे, कुठं 'अपट्टकी'. काय ठेवू?

वैद्य_धाराशिव: ताई, घोळ 'स्नायू'पासूनच आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ५०० आणि स्नायू ९०० मोजलेत. पेशी म्हणजे मांसाचे गोळे, स्नायू म्हणजे सांधे आवळून धरणारी बंधनं. तिथं दृष्टान्त नावेचा आहे: फळ्या दोऱ्यांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यात भार पेलते, तसं शरीर स्नायूंनी बांधलेलं. मराठीनं 'पेशी' सेलला देऊन टाकली नि स्नायूच्या गळ्यात मांस बांधलं. हिंदीत अजून मांसपेशीच म्हणतात. तुम्हीही तेच लिहा.

शब्दवेडी: नाही पटत. 'तांबड्या पेशी कमी झाल्या' हे आता खेड्यातली आजीसुद्धा म्हणते. तिला मांसपेशी म्हणजे काय वाटेल? हजारो वर्षांपूर्वीचा अर्थ बरोबर असेल, पण आज लातूरच्या बसस्टँडवर कळतो तो शब्द खरा.

वैद्य_धाराशिव: बसस्टँडवर नसेला, शिरेला, स्नायूला सगळ्यांना 'नस'च म्हणतात. 'नस चढली' म्हणणाऱ्याच्या पोटरीत गोळा आलेला असतो, नसेचा काही संबंध नसतो. तेही छापायचं का?

दंडबैठक: आमचे आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. ते मांडीच्या स्नायूला 'पट्ठा' म्हणत. पहिलवानाला पठ्ठ्या म्हणतात ते त्यावरूनच, असं माझं ठाम मत आहे. आणि दंड वाकवून फुगवला की वर येते ती बेटकुळी. लहानपणी तालमीबाहेर ओळीनं उभं राहून "बेटकुळी काढ" म्हणायचो आणि बोटानं दाबून बघायचो, कडक आहे का मऊ. बेडूक उडी मारायच्या आधी दबून बसतो ना, तसाच तो उंचवटा.

काळी_माती: व्वा! 'मसल' हा शब्द लॅटिनमधल्या 'मुस्कुलुस'वरून आलाय, अर्थ छोटा उंदीर. तिकडच्यांना कातडीखाली उंदीर पळताना दिसला, आपल्याला बेडूक दिसला.

शब्दवेडी: बेटकुळी बेडकावरूनच कशावरून? उच्चार जुळला म्हणून मूळ जुळत नसतं. पठ्ठ्याचंही तेच.

प्रसूतीकक्ष: मी परिचारिका आहे, आयुष्य लेबर रूममध्ये गेलं. ताई, बाईला आम्ही एवढंच सांगतो: "कळ आपोआप येते, जोर तू लावायचा." कळ गर्भाशयाच्या स्नायूंची, त्यांना हुकूम चालत नाही. जोर पोटाच्या स्नायूंचा, ते आपलं ऐकतात. दोन्ही प्रकार एकाच खाटेवर दिसतात. 'आपोआप चालणारे' लिहा.

वैद्य_धाराशिव: वर्णन छान, पण ती संज्ञा नव्हे. हृदयही आपोआपच चालतं, मग तेही याच गटात टाकाल. हृदयाच्या स्नायूवर सूक्ष्मदर्शकाखाली हातापायाच्या स्नायूंसारखे गडद-फिके पट्टे असतात, तरी ते मनाचं ऐकत नाही. गर्भाशय, आतडी, रक्तवाहिन्या यांच्यात पट्टे नसतात, म्हणून अपट्टकी. हा शब्द चुकीचा मुळीच नाही.

काळी_माती: आणि श्वासपटल? त्याला पट्टे आहेत, झोपेतही चालतं, पण आपण श्वास रोखूही शकतो. त्याला ऐच्छिक म्हणणार की आपोआप?

शब्दवेडी: आशाताईला सूक्ष्मदर्शक द्यायचाय का, वैद्यबुवा? 'अपट्टकी' तर माझ्या मुलीनं परीक्षेपुरतं पाठ केलं आणि आठवड्यात विसरली.

वैद्य_धाराशिव: पोरं विसरतात म्हणून संज्ञा टाकून द्यायची, तर गणितही सोडा.

गोदाकाठ: सगळ्यांचं वाचतेय. प्रसूतीकक्षताई, कळ आणि जोराचं वाक्य घेतलं तर चालेल ना? स्नायूचं मात्र अजून ठरत नाही. सोमवारी छापायला द्यायचंय.

प्रसूतीकक्ष: घ्या की. माझ्या आधीच्या सिस्टरकडून आलंय ते.

दंडबैठक: आत्ता नांदेडच्या मामाला फोन केला. ते बेटकुळी म्हणत नाहीत, 'बेंडकुळी' म्हणतात. आता सांगा, बेडूक आहे का नाही?