वीज गेल्यानंतर सांबा सर्व्हरवरील फाइल अडकून राहते

प्रश्न:
सीताबर्डीतील आमच्या कर सल्लागार कार्यालयात लिनक्सवर सांबा (विंडोज संगणकांना फाइली पुरवणारी प्रणाली) चालवणारा एक सर्व्हर असून नऊ विंडोज संगणक त्यावरील एक्सेलच्या फाइली वापरतात. मे महिन्यात दुपारी वीज गेली की सर्व्हर आणि नेटवर्क स्विच इन्व्हर्टरवर चालू राहतात, टेबलांवरचे संगणक मात्र बंद पडतात. त्या वेळी उघडी असलेली फाइल नंतर इतरांना केवळ वाचण्यापुरती उघडते आणि घरी गेलेल्या सहकाऱ्याचे नाव दाखवते. हे कधी पंधरा-वीस मिनिटांत सुटते, कधी दोन तासांहून अधिक वेळ लागतो. टिल्ड आणि डॉलर या चिन्हांनी सुरू होणारी लपलेली फाइल पुसूनही उपयोग झाला नाही.

उत्तर १:
त्या लपलेल्या फाइलमधून एक्सेल फक्त नाव वाचते. लॉकची, म्हणजे फाइल कोणी लिहिण्यासाठी धरून ठेवली आहे याची, नोंद सांबाकडे वेगळी असते. वीज गेलेला संगणक जोडणी तोडल्याचे कळवू शकत नाही, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी तो अजून हजर असतो. अशा निःशब्द जोडणीची लिनक्स मूळ सेटिंगनुसार ७२०० सेकंद वाट पाहतो आणि मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारणा करतो. तुमचे दोन तास तिथेच जातात. सर्व्हरला मधेच त्या संगणकाकडे काही पाठवावे लागले, तर उत्तर न आल्यामुळे जोडणी लवकर तुटते.

तातडीचा उपाय म्हणजे सर्व्हरवर ‘एसएमबीस्टेटस’ ही उघड्या फाइली दाखवणारी आज्ञा चालवून फाइलसमोरचा प्रोसेस क्रमांक शोधणे, तो बंद पडलेल्या संगणकाचाच असल्याची खात्री करणे आणि तेवढी एकच प्रोसेस थांबवणे.

उत्तर २:
कायमचा उपाय हवा असेल, तर सांबाच्या सॉकेट ऑप्शन्समध्ये (जोडणीच्या सेटिंगमध्ये) कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा संगणक हजर आहे का ही विचारणा, सुरू ठेवून पहिली विचारणा ६० सेकंदांनी, पुढच्या १० सेकंदांच्या अंतराने आणि एकूण ६ वेळा अशी मूल्ये द्या. ऑपलॉक (फाइलची प्रत संगणकाला तात्पुरती स्वतःकडे ठेवू देणारी सोय) बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मेलेली जोडणी त्याने ओळखली जात नाही आणि फाइली मात्र संथ उघडतात.

प्रश्नकर्ता:
मूल्ये बदलून एका संगणकाचा प्लग मुद्दाम काढला. सुमारे दोन मिनिटांत फाइल लिहिण्यासाठी उघडली. जुन्या जोडण्यांना नवी मूल्ये लागू होत नाहीत, हे आधी लक्षात न आल्याने पहिली चाचणी फसली होती.

उत्तर १:
लॅपटॉप झोपी गेला तरी आता दोन मिनिटांत लॉक सुटेल आणि तीच फाइल दुसरा कोणी बदलू शकेल, तेव्हा जेवायला उठण्यापूर्वी फाइल बंद करण्यास सर्वांना सांगून ठेवा.