कटवड्यातला ‘कट’ कुठला?

शाहूपुरीकर: मेव्हण्याच्या हॉटेलचं मेनूकार्ड इंग्रजीत करून देतो म्हणालो आणि कटवड्यावर, म्हणजे झणझणीत पातळ कटात बुडवलेल्या वड्यावर, अडलो. रोमन लिपीत तसंच लिहिलं, तर बाहेरगावचं गिऱ्हाईक सुरीनं कापलेला वडा समजतंय. परवा एकानं विचारलंच, “अख्खा मिळेल का?” हा कट आला कुठनं?

पुण्याची सून: वर तरंगते ती तर्री, तोच ना कट?

शाहूपुरीकर: वहिनी, तरंगतो तो तवंग. कट म्हणजे अख्खं पातेलं.

मास्तर: संस्कृत ‘कटु’. मूळ अर्थ तिखट, झणझणीत. आपला ‘कडू’ त्याचाच. विषय संपला.

गडहिंग्लजची: मग कटाच्या आमटीचं काय, मास्तर? पुरणाची डाळ शिजल्यावर वरचं पाणी काढतात, तो कट. त्यात तिखटाचा कण नसतो. आमची आजी निपाणीची, ती त्याला ‘कट्टु’ म्हणायची आणि आमटीला ‘कट्टिन सारु’. तेलुगूतही ‘कट्टु चारु’ आहे. मिसळीचा कट तरी काय, मूळचं मटकीचंच पाणी की!

मास्तर: दिसला शब्द की बांधा कन्नडच्या दावणीला! ‘क्वाथ’वरून काढा झाला, तसाच कट.

गडहिंग्लजची: आत्ता तर कटु होता! काढा क्वाथाचा, मान्य. पण ‘ढ’चा ‘ट’ कुठल्या नियमानं? अण्णा-अक्का म्हणताना कन्नड चालतं, आमटीत आलं की खुपतं.

रंकाळ्यावरचा: कन्नडात कट्टु म्हणजे बांधणंपण. झाडाभोवती बांधतात ती तिकडं ‘कट्टे’, आपला कट्टा. मग कट्ट्यावर बसून शिजवतात तो कटसुद्धा तिकडचाच! (माझा तर्क हाय, भांडू नका.)

पुण्याची सून: आणि इंग्रजी ‘कट’, हिंदी ‘काटना’? एकच ना?

गडहिंग्लजची: नाही हो. काटना ‘कृत्’ धातूचा, आपली कातर त्याच घरची. इंग्रजी कट तेराव्या शतकाच्या आसपास लेखी दिसतो, त्याआधीचं त्याचं घर इंग्रजांनाही नक्की सापडलेलं नाही. आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

मास्तर: शुद्ध मराठीत ‘रस्सा’ लिहा.

रंकाळ्यावरचा: कोल्हापुरात रस्सा म्हटलं की मटणाचा तांबडा-पांढरा. शाकाहारी गिऱ्हाईक दारातनंच पळंल.

शाहूपुरीकर: अहो, कार्ड उद्या सकाळी छापायला जायचंय. काय लिहू?

रंकाळ्यावरचा: आधी सांग, मिसळीसंगं ब्रेड देतोस का पाव?

पुण्याची सून: पावच की!

शाहूपुरीकर: झालं. आता हे रात्रभर चालणार.