मदत हवी आहे: अंदाजपत्रकात ४० लाख, जागेवर दोन बांबू. विचारायचं कुणाला?

नमस्कार मंडळी,

विषय रुक्ष आहे, पण जरा वेळ काढून वाचा.

आमच्या सोसायटीच्या मागून नाला जातो. २०२३ च्या पावसाळ्यात त्याची भिंत तीसेक फूट खचली. तेव्हापासून तिथे हिरवी जाळी आणि दोन बांबू आहेत. जाळीसुद्धा आम्हीच वर्गणी काढून लावली. जोराचा पाऊस आला की तळमजल्यावरचे लोक उंबऱ्याशी विटा रचून रात्र काढतात. मी सेक्रेटरी (सभेला उशिरा पोचलो, तोवर माझी निवड झाली होती), त्यामुळे सगळ्या तक्रारी माझ्या दारात.

महापालिकेच्या संकेतस्थळावरून २०२४-२५ चं अंदाजपत्रक उतरवून घेतलं. स्कॅन केलेलं बाड, त्यात शब्द शोधायचीही सोय नाही. तीन रात्री चाळल्यावर एक ओळ सापडली: आमच्या नाल्याचं नाव, पुढे 'सीमाभिंत बांधणे', रुपये ४० लाख. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तेव्हा काय कौतुक झालं! आता त्याच ग्रुपवर मला 'चाळीस लाख' म्हणून हाक मारतात.

कारण काम झालंच नाही. क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंता म्हणाले, "तरतूद होती हो, पण वर्गीकरणात गेली." कुठे गेली ते मुख्य इमारतीत विचारा. मुख्य इमारतीत सांगितलं, नाला म्हणजे ड्रेनेज. ड्रेनेजवाले म्हणाले, भिंत म्हणजे स्थापत्य. माजी नगरसेवक म्हणाले, "आमची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली, पुढे सगळं प्रशासकांच्या हातात. आम्हाला कोण विचारत होतं?" ते खरंच आहे. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या ताईंनी चहा दिला, सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या की हे आमच्या आधीचं आहे. तेही खोटं नाही. आमदारांच्या कार्यालयात म्हणाले, राज्याकडून निधीसाठी प्रयत्न करू, पण विषय पालिकेचा.

ग्रुपवर रोज रात्री यावरून जुंपते. निम्मे म्हणतात सगळं प्रशासकांनी केलं, निम्मे म्हणतात नगरसेवक असताना तरी काय दिवे लावले होते. एक काका फक्त 'करदात्यांचा पैसा!!!' एवढंच लिहितात.

मला कळत नाहीये ते असं. वर्गीकरण म्हणजे नेमकं काय, आणि त्याचा काही कागद असतो का? प्रशासक असताना ते मंजूर कुणी केलं असेल? आणि आता सभागृह आलंय, तर जुन्या निर्णयाचं उत्तर द्यायला कोण बांधील आहे? भांडण काढायचं नाही. पावसाळ्याआधी कुणीतरी 'हे काम माझं' म्हणावं एवढंच हवंय.

खतावणी

एका दुसऱ्या महापालिकेच्या लेखा विभागात नोकरी झाली, आता निवृत्त.

अंदाजपत्रकातला आकडा म्हणजे कपाटात ठेवलेले पैसे नव्हेत. अमुक कामावर अमुकपर्यंत खर्च करायला दिलेली ती परवानगी. त्यानंतर पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज), तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर. यातलं काहीच दिवाळीनंतरही हललं नाही की त्या शीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या ओळीवर, इतरांची नजर जाते. मार्च तोंडावर आला की जिथे बिलं तयार असतात तिकडे तरतूद वळवतात. त्याला वर्गीकरण म्हणायचं. ते बेकायदा नाही, पण तोंडी होत नाही. मंजुरी लागते, कागद होतो.

१९४९ च्या महापालिका अधिनियमाप्रमाणे आयुक्त अंदाज तयार करून स्थायी समितीला देतात. सोळा जणांची स्थायी त्यात फेरफार करून महासभेपुढे ठेवते. मांडणारा एक, तपासणारे दुसरे, अशी ती रचना. प्रशासक काळात आयुक्तच प्रशासक होते, म्हणजे स्थायीचे आणि महासभेचे अधिकारही त्याच टेबलावर. प्रस्ताव एका नावाने यायचा, मंजूर दुसऱ्या पदाने व्हायचा, माणूस तोच. तरीही ठराव झाला असणार. त्याला क्रमांक आणि तारीख असते. तुम्हाला हवा तो कागद हा.

आधी घरबसल्या एक करा. २०२५-२६ चं पुस्तक उघडा आणि तीच ओळ शोधा. शेजारच्या रकान्यात २०२४-२५ चा सुधारित अंदाज, म्हणजे फेरफारानंतरचा आकडा, दिसेल. २०२६-२७ चं आलं असेल तर त्यात २०२४-२५ चा प्रत्यक्ष खर्चही मिळेल. मूळ, सुधारित, प्रत्यक्ष, असे तिन्ही आकडे लिहून इथे टाका.

चहाटळ

मुंबईत २०२३-२४ पासून तीन अंदाजपत्रकं सभागृहात एकही नगरसेवक नसताना झाली. शेवटचं, २०२५-२६ चं, ७४,४२७ कोटींचं. तुमचे ४० लाख तिथे चहापाण्यात गेले असते. नशीब समजा.

जकातनाका

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा. पैशाची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. पूर्वी जकात होती, रोजचा रोकडा गल्ला. मग स्थानिक संस्था कर आला आणि गेला. जुलै २०१७ पासून जीएसटी, म्हणजे त्या बदल्यातली भरपाई राज्याकडून येते. शहराच्या हातात मुख्यतः मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. मग अंदाजपत्रक जुळवायला उत्पन्नाची बाजू फुगवतात, थकबाकी वसूल होणारच असं धरून. ती होत नाही. पगार, पेन्शन, वीजबिल थांबवता येत नाही, म्हणून कात्री लागते ती तुमच्या भिंतीसारख्या कामांना. तेव्हा कुणी पळवलेच असतील असं नाही, मुळात आलेच नसतील.

धागाकर्ता

जकातनाका, आले नसतील हा विचार डोक्यात आलाच नव्हता. पण आता हे बघा.

खतावणीकाका, ओळ सापडली. मूळ ४० लाख. सुधारित शून्य. २०२६-२७ चं पुस्तक अजून संकेतस्थळावर चढलेलं नाही. त्याच पानावर चार ओळी खाली 'चौक सुशोभीकरण': मूळ २५ लाख, सुधारित ६५ लाख. त्या चौकात आता एक कारंजं आहे. उद्घाटनाच्या दिवशी चाललं होतं.

खतावणी

२५ आणि ४० मिळून ६५, बेरीज जुळली म्हणून लगेच ग्रुपवर टाकू नका. अशा जुळणाऱ्या बेरजा मी पुष्कळ पाहिल्यात, त्यातल्या बऱ्याच निव्वळ योगायोग निघाल्या. ठरावाची प्रत आणि त्यासोबतची टिपणी मागा. कोणत्या शीर्षावरून किती काढले, कुठे टाकले आणि कोणत्या खात्याने मागणी केली, ते त्यात असतं. टिपणीवर सही कुणाची आहे ते बघा. खाली शिफारस करणारे आणि वर मंजूर करणारे, दोघांचीही जबाबदारी. एकट्या आयुक्तांवर ढकललं की खातं सुटतं.

माहिती अधिकारात 'काम का केले नाही' असं लिहाल तर 'का' ही माहिती नव्हे म्हणून परत येईल. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत लागतो. त्याआधी, २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी ३ ते ५ कागदपत्रं पाहायला मिळतात, फी नाही. तिथे क्रमांक शोधला की अर्ज दोन ओळींत होतो.

आणि त्या ताईंना परत भेटा. जुन्या सहीचं उत्तर त्यांनी द्यायचं नाही, पण सभागृहात प्रश्न विचारून ते काढून घेणं आता त्यांच्याच हातात आहे. शिवाय तरतूद वर्गीकरणाने जाते तशी येतेही. चालू वर्षात भिंतीसाठी तोच प्रस्ताव त्यांना देता येईल.

धागाकर्ता

सोमवारी तीनला जातोय. तळमजल्यावरच्या आजीही येणार म्हणतात, पिशवीत वीट घेऊन, 'पुरावा म्हणून'. वीट घरी ठेवायला सांगितलंय, ऐकतील असं वाटत नाही.

कुणाकडे दीडशे शब्दांत बसवलेला अर्ज असेल तर रविवारच्या आत इथे टाका. माझा सध्या दोनशे तीसवर आहे.