नातवंडं सोडून आणखी काय, आजी?

परवा एका लग्नात जुन्या शेजारीणबाई भेटल्या. पहिला प्रश्न, "नातवंडं काय म्हणतायत?" दुसरा, "गुडघे काय म्हणतायत?" तिसरा प्रश्न नव्हताच. घरी येताना रिक्षात मनात आलं, मी काय म्हणते ते राहिलंच की.

म्हणून विचारते. तुम्हाला, किंवा तुमच्या घरातल्या आजीला, रोजच्या दिवसात कशाने बरं वाटतं? चारधाम आणि पंचाहत्तरीचे सोहळे बाजूला ठेवा. बारीकसारीक सांगा.

सुरुवात माझ्यापासून. वय 72, मुक्काम पिंपरी. आम्ही चौघीजणी दर बुधवारी संत तुकाराम नगरहून मेट्रोने मंडईला जातो. भाजी दाराशी येते, तीही स्वस्त, हे मुलाने हिशेब मांडून दाखवलंय. दाखवू दे. सप्टेंबर 2024 मध्ये गाडी स्वारगेटपर्यंत जायला लागली, तेव्हापासूनचा हा नेम. त्याआधी मंडई म्हणजे दोन बस आणि शेवटी रिक्षावाल्याशी हुज्जत.

पहिल्या दिवशी आम्ही सरकत्या जिन्यापाशी अडलो. एका हातात निऱ्या, दुसऱ्यात पिशवी, कठडा धरायला तिसरा हात आणायचा कुठून? मागे कॉलेजची पोरं खोळंबलेली. शेवटी एका मुलीने माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "आजी, खाली बघू नका, माझ्याकडे बघा." पाय कधी पडला कळलंच नाही. आता मीच दुसऱ्या बायकांना शिकवते, न विचारता. वर आलं की समोर मंडईचा तो अष्टकोनी मनोरा. इमारत 1886 सालची. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत तिला रे मार्केटच म्हणायच्या.

थंडीत मटार उतरले की पाच किलो घेतो आणि चौघींपैकी एकीच्या घरी सोलायला बसतो. अर्धा किलो तोंडात जातो, तो हिशेब मुलाला कळू देत नाही.

आता तुम्ही लिहा.

सातारा जिल्ह्यातली नात

आमची आजी कागदोपत्री 1 जूनची. खरा जन्म बेंदराच्या दुसऱ्या दिवशीचा, पण शाळेत घालताना गुरुजींनी जे लिहिलं तेच आधारवर चढलं. या 1 जूनला आयुष्यभर कुणी विचारलं नव्हतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली आणि ती तारीख घरात एकदम मानाची झाली. आजीला तेव्हा काही महिने कमी पडत होते. रोज कॅलेंडर बघायची.

अर्धं तिकीट तिला आधीही होतंच. कौतुक पैशाचं नाही. कंडक्टर कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, ते तिला आवडतं. ती तिकिटं बटव्यात मिश्रीच्या डबीखाली घडी घालून ठेवते. फलटण, शिखर शिंगणापूर, मावशीकडे लोणंद, सगळं झालं.

एकदा सकाळी "देवळात जाऊन येते" म्हणून निघाली ती संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. फोन देव्हाऱ्यात. बाबा स्टँडवर, काका विहिरीकडे. साडेसहाला बाई उतरल्या. वाईला गेली होती. ढोल्या गणपतीला हात जोडले, घाटावर बसून डब्यातली भाकरी खाल्ली, पुढची गाडी पकडून परत. बाबा चिडले तर म्हणाली, "देवळातच गेले हुते की."

डोंबिवली

मला एक सांगायचंय, राग मानू नका. नातवंडं सोडून असं का? माझा आनंद नातीच्या केसांना तेल लावण्यात आहे. रविवारी ती खाली बसते, मी खुर्चीत. टाळूवर तेल जिरलं की तिची मान हळूहळू माझ्या गुडघ्यावर कलते, आणि मग शाळेतलं सगळं बाहेर येतं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या डब्यात काय होतं. तिच्या आईला हे ठाऊक नसतं. मी सांगतही नाही.

अनामिक, एकाच ओळीत

दुपारी एक ते तीन. कुणी दार वाजवू नये.

पुन्हा डोंबिवली

वरच्या एका ओळीने मला गप्प केलं. खरं सांगायचं तर सोमवार ते शुक्रवार शाळेची बस, डबा, क्लास यात माझं स्वतःचं काही नसतं. सून चांगली आहे, पण "आई आहेत ना" हे वाक्य तिचं ठरलेलं. शनिवारी दुपारी मात्र बहिणीचा फोन येतो. दार लावून घेते. आम्ही दोघी वडिलांच्या घरातल्या खोल्या आठवतो. परवा पाऊण तास एकाच प्रश्नावर गेला, माजघरातल्या फडताळाला कप्पे तीन होते की चार. ती चार म्हणते. तीनच होते.

सांगली

आमची बारा जणींची भिशी, महिना पाचशे. सहा हजार ही रक्कम आज कुणाच्याच अडीनडीची नाही, मुलं हसतात. पण चिठ्ठी काढताना जी शांतता होते ती हजारांची नसते. एकीचं नाव सलग चार महिने निघेना, तर तिने चिठ्ठ्या उघडून तपासायला लावल्या. तिची चिठ्ठी खरंच नव्हती! लिहिणारी मीच. अजून ऐकून घेते.

जिचा नंबर लागेल तिने सगळ्यांना हरिपूरला न्यायचं, असा नियम. तीन रिक्षा करून जातो. कृष्णा आणि वारणा तिथे मिळतात. संगमेश्वराचं दर्शन पाच मिनिटांत उरकतं, मग पायऱ्यांवर बसून भडंग. वर बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू आम्ही घरूनच नेतो. भडंगातले शेंगदाणे कुणी वेचून खाल्ले यावर दरवेळी चौकशी बसते.

इंदूर

आपल्याकडे सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याची लागतात. मी 79 वर्षांची, रात्री नऊला डोळे मिटतात, पण महिन्यातून एकदा भाचा दहाला स्कूटर घेऊन येतो. मुलगा म्हणतो आई, तब्येत बघ. मी म्हणते, बघितली, चल बाजूला हो. कवळीमुळे गराडू, म्हणजे तळलेला कंद, आता चावत नाही, थंडीत लोक कुरकुरीत खातात तेव्हा जीव जळतो. भुट्ट्याचा कीस मात्र कवळीचा मित्र. वर जिरावण मसाला जास्त घालायला सांगते. घरी आल्यावर पाणी पिऊन चोरासारखी झोपते आणि सकाळी पहिला ढेकर मुलासमोरच येतो.

नागपूर

भादव्यात भुलाबाई. आम्ही म्हाताऱ्याच राहिलो गाणी म्हणायला, पोरी खिरापत ओळखायला तेवढ्या येतात. येतात हेच पुष्कळ. यंदा मी डब्यात साधा मुरमुऱ्याचा चिवडा ठेवला, सगळ्या गोडाचीच नावं घेत राहिल्या. कोणालाच नाही ओळखता आलं!

एडिसन, न्यू जर्सी, सध्यापुरती

मुलीकडे सहा महिने. दिवसभर घर रिकामं, रस्त्यावर माणूस दिसत नाही. पहिला महिना खिडकीत काढला. मग बागेतल्या बाकावर एक तेलुगू आजी भेटल्या. त्यांना हिंदी चार शब्द, मला तेलुगू शून्य. एके दिवशी त्यांनी पिशवीतून पाल्याची जुडी काढून दाखवली, "गोंगूरा." मी पान तोडून चावलं. अहो, आपली अंबाडी! इतक्या लांब येऊन अंबाडी भेटावी? मी त्यांना हातवारे करून ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी समजावली. त्यांनी दुसऱ्या दिवशी पचडी आणली, इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी. त्यांना वाटलं मला घरची आठवण आली. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मग मीही तसंच राहू दिलं.

पिंपरी, धागा काढणारी

किती छान लिहिलंत. डोंबिवलीच्या ताई, केसांचं मान्य, तोंड बंद. सांगलीकर, तुमच्या चिठ्ठ्या पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या कुणाला लिहू द्या.

साताऱ्याच्या आजींना निरोप: स्वारगेट स्टँडवर उतरलात की मेट्रोने मंडई पुढचंच स्टेशन. मेट्रोला मात्र शून्याचं तिकीट नाही, ते मी काढेन. बुधवारी अकराला आम्ही तिथे असतो. सरकत्या जिन्याची काळजी नको.

सातारा जिल्ह्यातली नात

वाचून दाखवलं. ती विचारतेय, तिकडं पावट्याच्या शेंगा काय किलो?