पाताळातली विनोदी कादंबरी लिहिताना: सोलापूरकरांचे अनुभव

कुमार वाचकांसाठी पाताळात घडणारी विनोदी अद्भुत कादंबरी लिहायला घेतलेले आपल्यात बरेच निघाले, म्हणून हा धागा. "मी लिहायला कशी लागले" हे इथे नको. काय करायचं, किती, कुठे फसतं आणि का, तेवढंच सांगा.

नकाशेवाला
आधी ठरवा, गोष्ट पाताळात आहे की नरकात. निम्मा घोळ इथेच होतो. भागवताच्या पाचव्या स्कंधात अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताळ असे ७ थर आहेत आणि ते चांगले ऐषारामी आहेत: बागा, वाडे, ना रोग ना म्हातारपण. नरक त्याहून वेगळे, तिथेच २८ मोजलेत. उकळत्या कढया पाताळात मांडल्या की जाणता वाचक हसतो, पण तुम्हाला.

दुसरी गोष्ट उजेडाची. तिथे सूर्य पोचत नाही, नागांच्या फण्यांवरच्या मण्यांचा उजेड असतो. म्हणजे दिवस-रात्र नाही. हस्तलिखितात "दुसऱ्या दिवशी सकाळी" शोधा आणि जिथे सापडेल तिथे काढा. वेळ आवाजाने दाखवा. गिरणीचा भोंगा आणि तीन पाळ्या, एवढ्यावर भागतं. मग एखादा नाग रजेवर गेला की अख्ख्या गल्लीत अंधार, आणि तक्रार कुठे करायची यावर भांडण. विनोद बाहेरून आणावा लागत नाही.

सुतलात बळीराजा राहतो आणि त्याच्या दाराशी पहारा खुद्द वामनाचा. जिंकलेला दारात, हरलेला गादीवर. हे दोन ओळींत उरकू नका, प्रकरणभर पुरतं.

पूर्व भागातली
नायकाचं वय १६ ठेवा. मार्कंडेयाला आयुष्यच तेवढं लिहिलेलं होतं. यमाचा फास पिंडीवर पडला आणि शंकराने यमालाच लाथ घातली. नारळी पौर्णिमेला आपल्याकडे मार्कंडेयाचा रथ निघतो, पद्मशाली (विणकर समाजाच्या) घरातल्या पोराला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा सोलापुरातल्या सोळा वर्षांच्या मुलाला आणायला जा म्हटलं की यमदूतांनी आजारपणाची रजा टाकलीच पाहिजे.

मुलगा खाली पोचतो कसा? चित्रगुप्ताच्या वहीत नाव चुकलं, ही वाट आता फार झिजली. कठोपनिषद बघा. नचिकेत गेला तेव्हा यम घरी नव्हता, पोरगं तीन रात्री उपाशी दारात बसलं, म्हणून यमाला तीन वर द्यावे लागले. रात्रीला एक वर, दर ठरलेला. तुमच्या नायकाला दारात किती बसवता त्यावर पुढचं कथानक ठरतं. मात्र तीनपेक्षा जास्त वर दिलेत तर शेवटी कुठलीच अडचण उरत नाही.

काय बे
बोली सगळ्यांच्या तोंडी घालू नका. नायक आणि एखादा दूत सोलापुरी बोलेल, चित्रगुप्त मात्र छापील सरकारी मराठी. टक्कर तिथे होते:

"काय लिवलालास बे?"
"सदर इसमाने रांगेत उभे राहावे."
"रांग कुठाय? मी एकटाच हाय की."
"तर सदर इसमाने स्वतःच्या मागे उभे राहावे."

तेलुगू-कन्नड शब्द पानाला एक-दोन बास. अर्थ कृतीतून कळू दे.

कडक भाकरी
"सोलापूरच्या उन्हापुढे नरक गार" हा विनोद एकदाच, तोही पहिल्या प्रकरणात. सगळेच करतात.

शिदोरी कडक भाकरी आणि शेंगा चटणीची द्या. भाकरीतली ओल गेलेली असते म्हणून ती टिकते. पण यमलोकाच्या वाटेवरची वैतरणी नदी ओलांडल्यावर ती सादळलेली दाखवायला विसरू नका. त्याआधी, कोरडी असताना, लपून बसलेल्या पोराला अंधारात तिचा कडकन आवाज पकडून देतो.

डाळिंब बागायतदार
खालचं अन्न खाल्लं की वर येता येत नाही, ही अट घेताय तर ती ग्रीक कथेतली आहे हे ध्यानात ठेवा. पर्सेफोनीने डाळिंबाचा दाणा खाल्ला, म्हणून तिला दरवर्षी काही महिने खाली काढावे लागतात. आता आपला वाचक डाळिंबाच्या जिल्ह्यातला, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. त्याला काहीही खपणार नाही. बहार धरायचा, म्हणजे झाडाला फुलं-फळं आणायची तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, पानगळ करून छाटणी, मग खत-पाणी. पाण्याचा हिशोब चुकला की फळ तडकतं. दमट हवेत तेल्या रोग पसरतो: आधी तेलकट डाग, ते काळे पडतात, मग फळ चिरतं. वैतरणीकाठच्या बागेत ओल कायमची, तिथे तेल्या येणारच. मग डागी फळाचा दाणा अटीत धरायचा की नाही, यावर नायक आणि चित्रगुप्त यांची वकिली रंगवा.

खाल्लेले दाणे वेगळ्या पानावर लिहून ठेवा. चौथ्या प्रकरणात तीन आणि अकराव्यात सहा झाले की पोरं लगेच पकडतात.

बागायतदारांच्या खालचा
विनोद शिक्षा भोगणाऱ्यावर नको, कारभारावर करा. कुंभीपाक नरकात तळला जाणारा माणूस हसवत नाही. तेलाची मागणी तीन प्रतींत भरणारा दूत हसवतो. वाचकाच्या घरात नुकतंच कुणी गेलेलं असू शकतं. म्हणून मधे एक प्रकरण विनोदाशिवाय लिहा, नायकाला ओळखीचं माणूस तिथे भेटतं ते. त्या प्रकरणात दूतांनाही बोलू देऊ नका.

आठवीची वर्गशिक्षिका
पहिली तीन प्रकरणं मुलांना द्या, प्रकरण दोनेक हजार शब्दांचं. "आवडलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. ज्या पानावर वाचन थांबलं तिथे कोपरा दुमडायला सांगा. बऱ्याच जणांचा कोपरा एकाच पानावर दुमडला असेल तर त्याच्या आधीची दोन पानं बघा, तिथे बहुतेक वेळा अतल-वितल अशा थरांची यादी किंवा लेखकाचं पुराणज्ञान सापडतं.